घरच्या बागेसाठी शोभेची झाडं निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोभेच्या झाडांबद्दलचे निम्मे प्रश्न "हे झाड का मेलं?" असेच असतात, आणि शोधत मागे गेलं की उत्तर बहुतेकदा रोप घरी आणलं त्या दिवसापाशी सापडतं. म्हणून इथे खतपाण्यापेक्षा निवडीवर जास्त लिहिलं आहे. हवा तो प्रश्न आधी वाचा. फक्त पहिली दोन उत्तरं सोडू नका, पुढचं बरंचसं त्यांच्यावरच उभं आहे.

सुरुवात कुठून करू? चांगल्या झाडांची एखादी यादी मिळेल का?

याद्या भरपूर मिळतात आणि बहुतेक कुचकामी ठरतात, कारण यादी करणाऱ्याने तुमची जागा पाहिलेली नसते. आधी जागा, मग झाड. ऊन किती वेळ पडतं, पाणी किती नेमाने मिळणार आहे आणि झाड पुरतं वाढल्यावर तिथे मावेल का, एवढं ठरवलं की बहुतेक जाती आपोआप गळतात. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. काळ्या पिशवीत हातभर दिसणारं रबराचं झाड त्याच्या मूळ जंगलात ३० मीटरपर्यंत चढतं. कोपऱ्यात "थोडं हिरवं दिसावं" म्हणून जमिनीत लावलेला अरेका पाम काही वर्षांत दोन-तीन पुरुष उंचीचं बेट करून बसतो.

माझ्या जागेत ऊन किती आहे हे कसं ओळखायचं?

अंदाजाने ठरवू नका, डोळा इथे हमखास फसतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. आपल्याला "छान उजेडाची" वाटणारी खोली जेमतेम ३०० ते ५०० लक्सची असते. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होऊन हा फरक झाकते, पानाला मात्र तो पुरता जाणवतो.

सोपा उपाय म्हणजे एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला त्या जागेवर नजर टाकायची आणि थेट ऊन आहे का, एवढंच लिहून ठेवायचं. ६ तास किंवा जास्त भरले तर पूर्ण उन्हाची जागा, ३ ते ६ तास असतील तर अर्ध्या उन्हाची, त्याखाली सावलीची. तास सारखे असले तरी वेळेने फरक पडतो. सकाळचं कोवळं ऊन जवळजवळ कुठल्याही झाडाला चालतं. पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन तापलेल्या भिंतीवरून परत फेकलं जातं आणि पातळ पानांना होरपळून काढतं. त्यामुळे पूर्वेचे ४ तास आणि पश्चिमेचे ४ तास एकच समजू नका.

ऋतूही मोजणीत धरा. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि खालून जातो. मग दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेची बाल्कनी महिनोन् महिने उन्हाविना राहते. दक्षिण गोलार्धात याच्या बरोबर उलट. एका महिन्याच्या निरीक्षणावर वर्षाची खरेदी करू नये.

थेट ऊन नसलेल्या जागी हाताची सावली बघा. दुपारी पांढऱ्या कागदापासून वीतभर उंचीवर पंजा धरा. सावली काठासकट रेखीव पडली तर उजेड चांगला आहे, पुसट पण ओळखू येण्यासारखी असेल तर मध्यम. सावलीच दिसत नसेल तर तिथे झाड ठेवण्याआधी दिवा लावायची तयारी ठेवा.

भरपूर ऊन आहे. काय लावू?

तुमच्यापुढे सगळ्यात मोठी निवड आहे. बोगनवेल, जास्वंद, चाफा, मोगरा, गुलाब, एक्झोरा, टेकोमा, अडेनियम. हंगामी फुलांत झिनिया, कॉसमॉस, झेंडू, पोर्टुलाका.

बोगनवेलीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तक्रारी तिच्याच फार येतात. आपण ज्याला फूल म्हणतो ती तिची रंगीत झालेली पानं असतात. खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरी नळी. मुळची दक्षिण अमेरिकेची ही वेल ऊन आणि थोडी पाण्याची ओढ असली की बहरते. रोज पाणी, वर नत्राचं खत आणि अर्धी सावली मिळाली तर ती काटे आणि हिरवी पानं देत राहते. "वेल जोरात वाढतेय पण फुलत नाही" ही तक्रार बहुतेकदा लाडाची असते. ज्यांना रोज झारी घेऊन फिरल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी बोगनवेल न घेतलेली बरी. त्यांच्यासाठी जास्वंद आहे.

एक्झोराची पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडत असतील तर बहुधा माती किंवा पाणी अल्कधर्मी आहे आणि झाडाला लोह घेता येत नाही. अशा पाण्यात एक्झोरा आणि अनंत यांच्या नादी लागण्यापेक्षा टेकोमा किंवा बोगनवेल घ्यावी.

आमच्याकडे ऊनच येत नाही. तरी फुलं हवी आहेत.

फुलांचा हट्ट सोडा, बाग होईल. फूल तयार करायला झाडाला साखर लागते, साखरेला प्रकाश. गडद सावलीत त्यातल्या त्यात पीस लिली फुलते, तीही कमीच.

पानांचं म्हणाल तर सावलीची बाग उन्हाच्या बागेपेक्षा देखणी होऊ शकते. अग्लोनिमा, फिलोडेन्ड्रॉन, मनी प्लांट, कॅलेथिया, नेचे, स्पायडर प्लांट, झेडझेड, स्नेक प्लांट. नर्सरीत "सावलीत चालतं" असं सांगतात, त्याचा नीट अर्थ लावा. स्नेक प्लांट आणि झेडझेड अंधाऱ्या कोपऱ्यात तग धरतात, वाढत नाहीत. चांगल्या उजेडात तीच झाडं नवे फुटवे काढतात.

फुलझाडं घेऊ की पानांची?

दोन्ही, पण पानांची जास्त. माझा हिशेब साधारण दोन भाग पानं, एक भाग फुलं असा असतो.

बहुतेक फुलझाडं वर्षातले काही आठवडे फुलतात. उरलेला काळ तुम्ही त्यांची पानं, फांद्यांची ठेवण आणि बुंधा बघत असता. गुलाबाचंच घ्या. फूल अप्रतिम, पण फुलं नसलेला गुलाब म्हणजे काटेरी काड्यांचा जुडगा. चाफा थंडीत किंवा कोरड्या दिवसांत पानं गाळतो, पण त्याच्या निष्पर्ण फांद्यांनाही डौल असतो. म्हणून झाड पसंत करताना एक गोष्ट करून बघा, फुलं बोटांनी झाकायची. उरलेलं झाड आवडलं तर घ्या.

पानांत रंगही कमी नाही. क्रोटनमध्ये पिवळा, शेंदरी, किरमिजी असं सगळं एका पानावर मिळतं, पण त्यासाठी ऊन लागतं. सावलीत क्रोटन हिरवट होत जातो. कोलियसचं रंगकाम अर्ध्या उन्हातही टिकतं. त्याचे तुरे दिसले की खुडून टाका, नाहीतर झाड काटकुळं होतं.

वर्षभर फुलणारं एखादं झाड सांगा.

उबदार हवेत सदाफुली, जास्वंद, एक्झोरा आणि काटेरी युफोर्बिया जवळजवळ बारा महिने फुलतात. थंडी पडणाऱ्या ठिकाणी असं झाड शोधू नका. वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी चार झाडं लावणं सोपं. झिनिया, झेंडू, सदाफुली यांची वाळलेली फुलं वेळच्या वेळी खुडली तर बहर लांबतो, कारण बी धरलं की झाडाला पुढे फुलायची गरज उरत नाही.

झाडाचं मूळ ठिकाण कळून मला काय फायदा?

सावली-उन्हाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त. झाड जिथे उत्क्रांत झालं तिथली सवय ते सोडत नाही.

अडेनियम आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातलं, म्हणून बुंध्यात पाणी साठवतं आणि ओल्या मातीत कुजतं. झेडझेड पूर्व आफ्रिकेतल्या अशा भागातलं, जिथे पाऊस मधूनच गायब होतो. त्याचे बटाट्यासारखे कंद ही पाण्याची टाकीच आहे. कॅलेथिया उष्णकटिबंधातल्या अमेरिकेच्या जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढते. तिला गाळून आलेला उजेड आणि दमट हवा हवी असते. कोरड्या वातानुकूलित खोलीत तिच्या पानांच्या कडा जळतात आणि लोक खत घालत बसतात. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, झाडांवर चढणारा वेल. लोंबता ठेवला तर पानं तळहाताएवढी राहतात, ओलसर खडबडीत आधारावर चढवला की तीच पानं कितीतरी पट मोठी होऊन फाटायला लागतात.

जाता जाता : सदाफुली, गुलमोहर, अरेका पाम आणि काटेरी युफोर्बिया ही चारही झाडं मादागास्करची. उष्ण प्रदेशातल्या बागा या एका बेटाच्या बऱ्याच ऋणात आहेत.

नर्सरीत रोप कसं पारखायचं?

सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलायचा मोह होतो, तो टाळा. ते रोप आपला बहर तिथेच संपवत असतं, शिवाय घरी आणताना आणि कुंडी बदलताना फुलं गळतात ती वेगळीच. दोन-चार फुलं उमललेली आणि बाकी कळ्या असं रोप घ्या. रंगाची खात्री होते आणि बहर तुमच्या घरी होतो.

मग पानं उलटून बघा. रोपाची खरी प्रकृती पानाच्या खालच्या बाजूला आणि पान जिथे फांदीला जोडलेलं असतं त्या खोबणीत दिसते. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळी आणि टिपकेदार फिकट पानं म्हणजे लाल कोळी, कोवळ्या शेंड्याला चिकटलेली गर्दी म्हणजे मावा. पानं चिकट लागत असतील तर वर कुठेतरी रस शोषणारी कीड नक्की आहे. यातलं काहीही दिसलं तर रोप खाली ठेवा, शेजारची रोपंही सोडून द्या.

पिशवी किंवा कुंडी उचलून तळ बघा. भोकांतून एखाद-दुसरं मूळ डोकावत असेल तर ठीक. मुळांचा जाड गुंता बाहेर लोंबत असेल तर रोप त्या पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. उलट रोप बुंध्याशी धरून हळूच हलवल्यावर सैल लागत असेल तर ते कालपरवाच पिशवीत भरलेलं असू शकतं. कलमी गुलाबात डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दिसली पाहिजे. त्या गाठीच्या खालून येणारे जोमदार फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर कलम बांधलं त्याचे असतात. ते ठेवले तर काही दिवसांनी तुमचा गुलाब नाहीसा होऊन खुंटाचंच झाड उरतं.

शेवटी विचारा, "हे पूर्ण वाढल्यावर केवढं होतं?" उत्तर गोलमाल मिळालं तर झाडाचं नाव लिहून घ्या आणि घरी शोधा. नाव सांगता येत नसेल तर ते झाड जमिनीत लावू नका. आणलेलं रोप पंधरा दिवस इतर झाडांपासून लांब ठेवायचं, हे सांगायला नकोच.

शेवंती आणि पॉइन्सेटिया आणताना बुटके, गच्च भरलेले होते. पुढच्या वर्षी उंच वाढले आणि फुललेच नाहीत. फसवलं का?

फसवलं असं नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितली. अशा रोपांना पुष्कळदा वाढ रोखणारी रसायनं दिलेली असतात, त्यामुळे पेरं आखूड राहतात आणि झाड गोलमटोल दिसतं. औषधाचा परिणाम संपला की ते आपल्या मूळ उंचीला लागतं. तुम्हाला तसाच आकार हवा असेल तर वाढीच्या काळात शेंडे दोन-तीनदा खुडावे लागतील.

फुलण्याचं कारण वेगळं आहे. ही दोन्ही झाडं रात्र मोजतात. रात्री लांबायला लागल्या की कळ्या धरायच्या, असा त्यांचा हिशेब. पॉइन्सेटियाला काही आठवडे रोज सुमारे १४ तास सलग अंधार लागतो. बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा असेल किंवा रात्री उशिरापर्यंत घरातला उजेड पडत असेल तर अंधार तुटतो आणि झाड पानंच काढत राहतं. जागा बदलता येत नसेल तर संध्याकाळी वरून खोका पालथा घाला, सकाळी काढा. हा खटाटोप नको असेल तर या झाडांकडे एका हंगामाचे पाहुणे म्हणून बघा. त्यात कमीपणा काही नाही.

पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या पानांची झाडं जास्त नाजूक असतात का?

हो, थोडी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तेवढा भाग अन्न तयार करत नाही. अशी झाडं सावकाश वाढतात, त्यांना उजेड जास्त लागतो आणि कडक ऊन मात्र पांढरा भाग आधी जाळतं. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर लगेच कापा. तिची वाढ जोरात होते आणि ती बाकीच्या झाडाला मागे टाकते.

मोठं रोप घ्यावं की लहान?

घाई नसेल तर लहान. ते नव्या मातीत लवकर रुजतं आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या रोपाला गाठतं. आडोसा आजच हवा असेल तेव्हाच मोठं झाड घ्या.

कुंडी केवढी घ्यायची? तळाला खडे घालायचे का?

आताच्या कुंडीपेक्षा दोन बोटं ते चार बोटं मोठी. इवल्या रोपाला टोपल्याएवढी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते.

खडे घालू नका. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच थांबतं. म्हणजे ओला थर खाली जायचा तो मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा सुधारायचा तर सगळी मातीच भुसभुशीत करा, त्यासाठी कोकोपीट, भरड वाळू, पालापाचोळ्याचं खत काहीही चालेल. भोकावर जाळीचा किंवा खापरीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. भोक नसलेल्या सुंदर कुंडीत झाड लावायचं नाही. साध्या कुंडीतलं झाड तिच्या आत ठेवायचं.

मातीची कुंडी बाजूंनी श्वास घेते आणि लवकर वाळते. जास्त पाणी घालायची सवय असणाऱ्यांना ती वाचवते. पाणी घालायला विसरणाऱ्यांनी प्लास्टिकची घ्यावी.

गच्चीवर बाग करायची आहे. वेगळं काय बघायचं?

वजन आणि वारा. ४० लिटर माती मावणारी कुंडी भिजल्यावर सहज ६० किलोच्या पुढे जाते. अशा दहा कुंड्या एका जागी म्हणजे ६०० किलो. मोठ्या कुंड्या भिंती आणि तुळयांच्या रेषेत ठेवा, मधोमध नको. जमिनीसारखे वाफे करायचे असतील तर आधी बांधकाम अभियंत्याला दाखवा, हे मात्र टाळू नका. हलक्या मिश्रणाने वजन कमी होतं, पण उंच झाड हलक्या कुंडीत वाऱ्याने आडवं होतं. तेव्हा गच्चीवर उंचीपेक्षा पसरणारी झाडं बरी.

वाऱ्याने पानं फाटतात आणि पाणी झपाट्याने उडतं. केळीच्या जातीची मोठ्या पानांची झाडं, कॅलेथिया, नाजूक नेचे वर नेऊ नका. बोगनवेल, अडेनियम, पोर्टुलाका, चाफा हे तिथले कसलेले गडी.

अंगणात भिंतीलगत एखादं मोठं झाड लावलं तर?

कोणतं, त्यावर आहे. गुलमोहर आणि वडा-पिंपळाच्या कुळातली सगळी झाडं, म्हणजे रबर आणि कुंडीत गोंडस दिसणारा बेंजामिना फायकससुद्धा, घराजवळ लावू नयेत. त्यांची मुळं वरवर दूर पसरतात, फरशी उचलतात, पाण्याच्या वाहिन्यांच्या फटी शोधतात. साधा नियम असा : झाडाचा पूर्ण वाढलेला घेर काढा आणि भिंतीपासून निदान त्याच्या अर्ध्या अंतरावर खड्डा घ्या. छोट्या अंगणात कुंती, टेकोमा किंवा छाटून ठेवलेला अनंत पुरेसा होतो.

घरात लहान मूल आहे, कुत्रा-मांजरही आहे. कोणती झाडं टाळू?

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, सर्वांत आधी. दोन्हींचे सगळे भाग विषारी असतात आणि विष थेट हृदयावर परिणाम करतं. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर शोभते, रांगत्या मुलाच्या अंगणात नाही.

मांजर असेल तर खऱ्या लिली आणि डे लिली घरात आणूच नका. पान चघळणं तर सोडाच, अंगाला लागलेले पराग चाटूनही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सायकसच्या बिया कुत्र्यांना यकृताचा गंभीर त्रास देतात. असं काही पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि झाडाची फांदी किंवा फोटो बरोबर न्या.

डिफेनबेकिया, अग्लोनिमा, फिलोडेन्ड्रॉन, मनी प्लांट, पीस लिली, झेडझेड या एकाच कुळातल्या झाडांत सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, सूज येते. यांना घराबाहेर काढायची गरज नाही, हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. अडेनियम, चाफा, युफोर्बिया यांची छाटणी करताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. निर्धास्त राहायचं तर स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन नेचा, कॅलेथिया आणि झिनिया आहेत.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हे खरं आहे ना?

बंद प्रयोगपेटीत करतात. १९८९ साली नासाच्या अभ्यासात छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये झाडांनी काही वायू कमी केले, आणि तिथून ही कल्पना जगभर पसरली. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा हिशेब असा निघाला की घरात सहज होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. खिडकी उघडा. झाड त्याच्या देखणेपणासाठी घ्या.

वासाची झाडं कुठे लावावीत?

तुम्ही संध्याकाळी जिथे बसता तिथे. मोगरा, जाई, जुई, अनंत, कुंती, रातराणी यांतल्या बऱ्याच फुलांचा वास अंधार पडू लागला की भरात येतो, कारण त्यांना बोलवायचं असतं रात्री उडणाऱ्या पतंगांना. चाफा तर या पतंगांना निव्वळ वासावर झुलवतो. त्याच्या फुलात मध नसतोच. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होतं, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वासाच्या वेलींत कमानीवर चढवायला मला हीच सगळ्यात आवडते, फक्त छाटणीचा कंटाळा नको.

रातराणीचा वास काहींना डोकं दुखेपर्यंत उग्र वाटतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ती नको. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यावर येतात, तेव्हा थंडी सरत आली की छाटायला कचरू नका.

फुलपाखरं यावीत असं वाटतं.

एकेरी पाकळ्यांची फुलं निवडा. भरगच्च दुहेरी फुलांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग कीटकांच्या वाट्याला पराग आणि मध फारसा येत नाही. झिनिया, कॉसमॉस, एक्झोरा उत्तम. अळ्यांनाही खायला हवं, म्हणजे लिंबू, कढीपत्ता, रुई, कृष्णकमळ यांतलं एखादं झाड त्यांच्यासाठी सोडा. पानं खाल्ली म्हणून फवारणी करणाऱ्याने फुलपाखरांची अपेक्षा ठेवू नये.

बागेतून बाहेर पसरून त्रास देणारी झाडं कोणती?

घाणेरी आणि जलपर्णी ही दोन मोठी उदाहरणं. दोन्ही मूळ अमेरिका खंडांतल्या, दोन्ही शोभेसाठी जगभर नेल्या गेल्या. घाणेरीची फळं खाऊन पक्षी बिया रानात टाकतात. जलपर्णी तळी झाकून टाकते. जमिनीवर पिवळ्या फुलांची चादर पसरणारा वेडेलियाही खोडातून रुजत दूर जातो. जे झाड "कुठेही, कसंही येतं" म्हणून सांगितलं जातं, ते तुमच्या भागात आक्रमक ठरलेलं नाही ना, हे आधी तपासा. मत्स्यटाकीतल्या किंवा तळ्यातल्या वनस्पती ओढ्यात फेकू नका.

वेळच नाही, फिरतीही असते. न मरणारं झाड कोणतं?

स्नेक प्लांट, झेडझेड, युफोर्बिया, कोरफडीच्या जातीची झाडं. स्नेक प्लांट पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतो, त्यामुळे पाणी कमी उडतं. ही झाडं दुर्लक्षाने क्वचितच जातात. परत आल्यावर अपराधी वाटून ओतलेल्या बादलीभर पाण्याने जातात. वरची दोन बोटं माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही, एवढं पाळा.

रंगसंगतीचे काही नियम आहेत का?

दहा जातींची एकेक झाडं आणण्यापेक्षा तीन जातींची तीन-तीन आणा. संग्रह आणि बाग यांत फरक इथेच पडतो. मोठ्या पानांशेजारी बारीक पानं ठेवा. नोकरीमुळे बाग फक्त संध्याकाळी दिसत असेल तर पांढरी आणि फिकट पिवळी फुलं निवडा. लाल आणि जांभळी अंधारात आधी बुडतात.

हिरवळ लावावी का?

दिवसभर ऊन, भरपूर पाणी आणि दर आठवड्याला कापायची तयारी असेल तर. नाहीतर नको.

थंड प्रदेशातली ट्यूलिप, हायड्रेंजिया उष्ण ठिकाणी येतील?

ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे थंडी लागते. उबदार ठिकाणी कंद तेवढे दिवस फ्रिजमध्ये ठेवून एकदा फूल घेता येतं, दरवर्षी नाही. हायड्रेंजिया अर्ध्या सावलीत आणि सततच्या ओलाव्यात तग धरू शकते. तिच्या बऱ्याच जातींत आम्ल मातीत फुलं निळी आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी होतात, कारण आम्ल मातीत ॲल्युमिनियम मुळांना मिळतं. तेव्हा निळी फुलं बघून आणलेली हायड्रेंजिया घरी गुलाबी झाली तर तक्रार नर्सरीकडे नेऊ नका.

झाड आणलं, पण जागा चुकली असं वाटतंय. लगेच हलवू?

फायकस आणि क्रोटन नव्या जागी आले की पानं गाळतात. त्याने घाबरून त्यांना रोज नव्या कोपऱ्यात फिरवलं तर गळ थांबतच नाही. तीन-चार आठवडे एका जागी ठेवा आणि नव्या पानांकडे लक्ष द्या, जुनी पानं नर्सरीतल्या हवेची आहेत. नवी पानं लहान आणि लांबलांब पेरांवर येत असतील तर उजेड कमी पडतोय. करपट डाग फक्त उन्हाच्या बाजूला असतील तर ऊन जास्त होतंय.

हलवायचंच ठरलं तर सावलीतून उन्हात एकदम नेऊ नका. दहा-पंधरा दिवस घ्या आणि सुरुवातीला फक्त सकाळचा तास, मग दोन तास, असं वाढवत न्या. जमिनीतलं झाड असेल तर मुळांभोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट संध्याकाळी उचला, फांद्या थोड्या कमी करा आणि नवा फुटवा दिसेपर्यंत खत देऊ नका.